पडदा काळा पडतो तेव्हां

रात्रीचे अकरा वाजले आहेत. घरांतील वडील माणसें निजलीं आहेत आणि थोरली मुलगी टेबलाशीं बसून आपल्या प्रबंधाचें शेवटचें प्रकरण पुरें करीत आहे. प्रबंध विद्यापीठांत सादर करण्यास अवघे सहा दिवस उरले आहेत. टेबलावरील संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो, आणि गेल्या तीन वर्षांत त्यानें कधीं दगा दिलेला नाहीं. अशा वेळीं, कसलीहि पूर्वसूचना न देतां, पडद्यावरचें चित्र एकाएकीं थिजतें. माउस सरकवावा तर बाण हलत नाहीं. कळ दाबावी तर अक्षर उमटत नाहीं. क्षणभरानें पडदा काळा ठिक्कर पडतो आणि मुलीच्या काळजांत धस्स होतें.

हें चित्र कल्पनेंतलें असलें, तरी ज्या घरीं लिनक्स आहे त्या घरीं तें अपरिचित नसावें. अशा प्रसंगीं दोन सल्ले ठरलेले असतात. पहिला सल्ला असा कीं, वीज बंद करावी व पुन्हां चालू करावी. दुसरा सल्ला बहुधा धाकटा भाऊ देतो: सारें पुसून टाकावें आणि प्रणाली नव्यानें बसवावी. पहिला सल्ला घाईचा आहे व दुसरा अघोरी आहे. पहिल्यानें शेवटच्या क्षणांचा पुरावा नाहींसा होण्याचा संभव असतो. दुसऱ्यानें तर पुराव्याचें सबंध दप्तरच जळून जातें, आणि रोग मात्र पुष्कळदां जागच्या जागीं राहतो.

वास्तविक काळा पडदा म्हणजे संगणकाचा मृत्यु नव्हे. बहुतेक वेळां ती एका दुभाष्याची मूर्च्छा असते, आणि त्या मूर्च्छेपूर्वीं काय घडलें याची जबानी यंत्रानें स्वतःच लिहून ठेवलेली असते. ती जबानी वाचावयाची, आणि ती वाचल्यावांचून कशालाहि हात लावावयाचा नाहीं, एवढें पथ्य ज्यानें पाळलें त्याची अर्धी लढाई तेथेंच जिंकली जाते.

हा दुभाषी कोण, हें कळण्यासाठीं एखादें अक्षर पडद्यापर्यंत कसें पोंचतें हें पाहिलें पाहिजे. स्वयंपाकघरांत मडक्यांची उतरंड असते, तशीच संगणकांतहि एक उतरंड असते. सर्वांत वर लेखनाचा, चित्रपटाचा किंवा खेळाचा प्रोग्रॅम. त्याच्या खालीं, निरनिराळ्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या जुळवून सबंध पडद्याचें चित्र मांडणारा व्यवस्थापक. हें काम पूर्वीं एक्स विंडो नांवाच्या पद्धतीनें चालत असे. ती १९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जन्मास आली. २००८ सालीं आरंभिलेली वेलँड ही नवी पद्धति आतां बहुतेक ठिकाणीं तिची जागा घेत आहे. त्याच्याहि खालीं मेसा नांवाचा संग्रह येतो. ब्रायन पॉल यांनीं १९९३ सालीं त्याचा पाया घातला. 'येथें त्रिकोण काढ, तेथें रंग भर' अशा सर्वसाधारण आज्ञांचें, त्या त्या कार्डाला उमजेल अशा भाषेंत रूपांतर करणें हें त्याचें काम. आणि तळाशीं, प्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, ग्राफिक्स ड्रायव्हर बसलेला असतो. कार्डाला कामें नेमून देणें, त्याच्या स्मृतीची वांटणी करणें, त्याचा वेग कमीजास्त करणें, हा सारा कारभार त्याच्याकडे असतो.

उतरंडीचें वरचें मडकें फुटलें तर तेवढेंच जातें. तळचें हललें कीं सारी उतरंड कोसळते. प्रोग्रॅम कोसळला तर खिडकी मिटते. व्यवस्थापक कोसळला तर सर्व खिडक्या मिटतात आणि प्रवेशाचा पडदा पुन्हां दिसूं लागतो. परंतु ड्रायव्हर अडकला तर पडदाच थिजतो. म्हणून कोणतें मडकें हललें हें ओळखणें, ही निदानाची पहिली पायरी होय.

हा तळचा दुभाषी इतर थरांपेक्षां अधिक कां अडखळतो, याला इतिहासहि कारण आहे. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचें कर्नेल प्रसिद्ध केलें, आणि पुढें जगभरच्या लोकांनीं तें वाढविलें. पण कार्डाचा दुभाषी व्हावयाचें तर कार्डाची भाषा कळली पाहिजे, आणि ती भाषा पुष्कळ वर्षें कारखानदारांच्या तिजोरींत होती. इंटेलनें आपले ड्रायव्हर उघडपणें लिहविले. ए.एम.डी.नें २००७ सालीं आपल्या कार्डांची माहिती प्रसिद्ध करण्याचें धोरण जाहीर केलें, आणि तिचा आजचा ड्रायव्हर २०१५ सालीं कर्नेलमध्यें आला. एन्व्हिडियानें मात्र आपला ड्रायव्हर स्वतःच रचून बंद पेटींत दिला. कांहीं हौशी मंडळींनीं कार्डाच्या हालचालींवर पाळत ठेवून त्याची भाषा तर्कानें ताडली व नूव्हो नांवाचा मुक्त ड्रायव्हर तयार केला. तो २०१० सालीं कर्नेलमध्यें दाखल झाला. २०१२ सालीं फिनलंडमधील एका सभेंत खुद्द टोरवाल्ड्स यांनीं एन्व्हिडियाची कडक शब्दांत जाहीर हजेरी घेतली. अखेर मे २०२२ मध्यें त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग उघडा केला. वरचा भाग मात्र अद्याप बंदच आहे.

आतां त्या काळ्या पडद्याकडे वळावें. पडदा थिजतांच घाबरून वीज तोडूं नये. प्रथम नाडी पाहावी. कळफलकावरील कॅप्स-लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागला व विझला, तर गाभा शुद्धीवर आहे असें बहुधा समजावें. गाणें चालू असेल तर तें चालूच आहे काय, तें ऐकावें. मग कंट्रोल, आल्ट व एफ-तीन या तीन कळा एकदम दाबाव्या. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नांव विचारलें गेलें, तर फक्त वरचा व्यवस्थापक गेला असा अर्थ होतो, व त्या पाटीवरूनच सर्व तपास करतां येतो. तीहि न दिसली तर दुसऱ्या संगणकावरून, किंवा भ्रमणध्वनीवरूनहि, एस्.एस्.एच्. या मार्गानें आंत शिरतां येतें. मात्र तें दार आधींपासून उघडें करून ठेवलेलें असलें पाहिजे. पुष्कळदां असें आढळतें कीं, पडदा मृतवत् असला तरी आंतील कारभार यथास्थित चालू आहे.

हेंहि न साधल्यास शेवटचा उपाय म्हणून आल्ट व प्रिंट-स्क्रीन या कळा दाबून धराव्या आणि एस, यू व बी या कळा एकामागून एक, मध्यें थोडें थांबून, दाबाव्या. एस या कळेनें स्मृतींत तरंगणारें लेखन तबकडीवर उतरतें, यू या कळेनें तबकडीचीं कपाटें बंद होतात, आणि बी या कळेनें यंत्र पुन्हां सुरू होतें. उबुंटूमध्यें या तीन कळांची मुभा मूळचीच असते. इतर कांहीं संचांत ती आधीं मागून घ्यावी लागते. मात्र लेखनाच्या प्रोग्रॅमनें जें अजून फाइलींत उतरविलेलेंच नाहीं, तें या उपायानें वांचत नाहीं. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनीं आपोआप प्रत ठेवण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्यें करून ठेवावी, हें शहाणपण आधींचेंच.

यंत्र पुन्हां उठल्यावर जबानी वाचावयाची. लिनक्सची एक रोजकीर्द असते; दुकानदार जसा प्रत्येक व्यवहार घडतांक्षणीं टिपून ठेवतो, तसें यंत्र प्रत्येक घटना वेळेसह टिपून ठेवतें. टर्मिनलमध्यें 'जर्नलसीटीएल' हा शब्द लिहावा. जागा सोडून उणें चिन्ह व 'बी' हें अक्षर. पुन्हां जागा सोडून उणें चिन्ह व एकचा आंकडा. आणि शेवटीं जागा सोडून उणें चिन्ह व 'के' हें अक्षर. याचा अर्थ असा कीं, आजची नव्हे तर मागच्या वेळची रोजकीर्द दाखवावी, आणि तींतील फक्त गाभ्याच्या नोंदी दाखवाव्या. येथें पुष्कळांची एक चूक होते. शेवटची ओळ सर्वांत ठळक असते म्हणून तीच ते वाचतात. पण शेवटची ओळ म्हणजे पडलेल्या माणसाची किंकाळी होय. त्याचा पाय कोठें घसरला, हें पहिल्या तक्रारीवरून कळतें. म्हणून मागें मागें जाऊन पहिली तक्रार गांठावी.

प्रत्येक कार्डाची बोली वेगळी असते. इंटेलच्या ड्रायव्हरच्या तक्रारींत 'जी.पी.यू. हँग' हे शब्द येतात. ए.एम.डी.चा ड्रायव्हर 'रिंग' व 'टाइमआउट' हे शब्द लिहितो. म्हणजे कार्डाकडे कामांची एक रांग पाठविली होती, पण नेमल्या मुदतींत काम पुरें झाल्याचा निरोप आला नाहीं. त्यानंतर तो कार्डाला पुन्हां भानावर आणण्याचा यत्न करतो, व तो यत्न फसला तर पडदा काळा राहतो. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर 'एक्स्-आय्-डी' हीं अक्षरें व त्यापुढें एक क्रमांक लिहितो. या क्रमांकांचा अर्थ कंपनीनेंच प्रसिद्ध केलेला आहे. ३१ हा क्रमांक कार्डाच्या स्मृतींत कोणी चुकीच्या जागीं हात घातल्याचा. त्यांत पुष्कळदां वरच्या प्रोग्रॅमचा दोष असतो. ७९ हा क्रमांक निराळाच. त्याच्यापुढें इंग्रजींत लिहिलेलें असतें कीं, कार्ड 'बस'वरून खालीं पडलें. ही बस मुंबईच्या रस्त्यावरची नव्हे. संगणकांत कार्ड व मुख्य पट्टी यांच्यामधील जो संदेशमार्ग असतो, त्याचें तें नांव आहे. म्हणजे कार्डानें बोलणेंच सोडलें. अशा वेळीं वीजपुरवठा, उष्णता किंवा सैल झालेला सांधा यांवर प्रथम संशय घ्यावा.

आतां त्या मुलीच्या घरीं काय घडलें तें पाहावें. दोनच दिवसांपूर्वीं संगणकावर नवें कर्नेल आलें होतें. त्यामुळें घरांतल्या सर्वांचें एकमत झालें कीं, दोष नव्या आवृत्तीचा. हा संशय निराधार नव्हता. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर बहुधा कर्नेलच्या बाहेर वाढतो, आणि कर्नेल बदललें कीं त्याच्या मापाचा ड्रायव्हर पुन्हां शिवावा लागतो. डी.के.एम.एस्. नांवाची यंत्रणा हें शिवणकाम आपोआप करते. परंतु त्यासाठीं लागणाऱ्या हेडर-फाइली हजर नसल्या, किंवा नव्या मापाशीं जुना नमुना जुळला नाहीं, तर नवा ड्रायव्हर तयारच होत नाहीं. कधीं तो तयार होतो, पण 'सिक्युअर बूट' हा द्वारपाळ त्यावर ओळखीची सही नाहीं म्हणून त्याला आंत घेत नाहीं. 'एल्एस्पीसीआय' हा शब्द लिहून, जागा सोडून, उणें चिन्ह व 'के' लिहिलें, कीं कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर काम करीत आहे तें दिसतें. तेथें नांवच नसेल, किंवा भलतें असेल, तर घोटाळा येथेंच आहे. यंत्र उठतांना पडदाच लागत नसेल, तर आरंभीच्या ओळींत 'नोमोडसेट' हा शब्द घालावा, म्हणजे ओबडधोबड कां होईना, चित्र दिसतें. पण ती कुबडी आहे. पाय बरा झाल्यावर ती टाकून द्यावयाची.

नव्या कर्नेलवरचा आरोप खरा कीं खोटा, हें ठरविण्याची युक्ति अगदीं सोपी आहे. लिनक्सचे बहुतेक संच जुनें कर्नेल लगेच फेकून देत नाहींत. यंत्र सुरू होतांना जी यादी येते, तींतील प्रगत पर्यायांत जुन्या कर्नेलचें नांव असतें. तें निवडून एक-दोन दिवस काम करावें. त्रास थांबला तर नवें कर्नेल दोषी, आणि दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावरच राहावें. या घरीं जुनें कर्नेल निवडलें गेलें, आणि दुसऱ्या रात्रीं पडदा पुन्हां काळा पडला! म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची तयारी चालली होती.

तेव्हां कुठें रोजकीर्द उघडली गेली. दोन्ही रात्रींच्या नोंदींत क्रमांक ७९ होता. मग मागील सर्व वेळांची यादी मागविली, तों आढळलें कीं, अकरा दिवसांपूर्वीं, म्हणजे नवें कर्नेल येण्याच्याहि आधीं, हाच क्रमांक एकदां उमटून गेला होता. त्या सायंकाळीं धाकटा भाऊ खेळत बसला होता. पडदा थिजतांच त्यानें वीज बंद करून चालू केली होती आणि ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती. जें माणसांनीं दडविलें, तें यंत्रानें लिहून ठेवलें होतें.

पुढचा प्रश्न मुलीच्या वेळेचा होता. निदान चालू असतांना प्रबंध थांबून चालणार नव्हता. त्या संगणकाच्या इंटेल प्रोसेसरमध्यें चित्र काढण्याची स्वतःची साधी सोय होती. एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरला तात्पुरती रजा दिली आणि पडद्याची केबल कार्डावरून काढून मुख्य पट्टीच्या खांचेंत लावली. अक्षरें लिहिण्यास मोठें कार्ड लागत नाहीं. दिवसा प्रबंध व रात्रीं प्रयोग, असा क्रम ठरला.

प्रयोगाचा नियम एकच: एका वेळीं एकच बदल करावा, व तो वहींत लिहावा. हा नियम मोडण्याचा मोह फार मोठा असतो. घाबरलेला माणूस एकाच बैठकींत ड्रायव्हर बदलतो, वेलँड सोडून एक्सवर जातो, धूळ झाडतो आणि चार ठिकाणचे उपाय एकत्र करतो. त्यानें त्रास थांबला, तरी कशानें थांबला तें कळत नाहीं. आणि तो थांबला नाहीं, तर चार नवे दोष मात्र पदरीं येतात. या घरीं वीज बंद करून प्रथम फक्त पंख्यावरची धूळ काढली गेली. तपमान उतरलें, पण मध्यरात्रीं जड खेळ चालविल्यावर कार्ड पुन्हां 'बसवरून पडलें'. दुसऱ्या रात्रीं, पुन्हां वीज तोडून, कार्डाला वीज पुरविणारा जोड तपासला. तो बाहेरून बसल्यासारखा दिसत होता, पण त्याची पकड पुरती लागलेली नव्हती. तो घट्ट बसविला. ती रात्र निर्विघ्न गेली. पुढच्या तीन रात्रीहि गेल्या. इतर संशयितांकडे वळण्याची वेळच आली नाहीं.

इतर घरीं ती वेळ येते. तेव्हां ब्राउझरमधील कार्डाची मदत घेण्याची सोय बंद करून पाहावी. वेलँड व एक्स या दोन्ही पद्धती जेथें उपलब्ध असतील तेथें एक सोडून दुसरी घ्यावी. स्मृतीची परीक्षा मेमटेस्ट नांवाच्या प्रोग्रॅमकडून रात्रभर करवावी. आणि दोष नव्या कर्नेलचाच ठरला, तर तो नेमक्या कोणत्या बदलानें शिरला हेंहि शोधतां येतें. कर्नेलच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांत दहा हजारांहून अधिक फेरफार असतात. पण मधला फेरफार घेऊन पाहावा. तो चांगला असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत, वाईट असेल तर मागच्या अर्ध्यांत. अशी दर वेळीं निम्मी रास बाजूस सारली, तर सुमारे चौदा चांचण्यांत अपराधी हातीं लागतो. हें काम 'गिट बायसेक्ट' या साधनानें होतें. तें चिकाटीचें आहे, पण पंडितांनाच साधेल असें नाहीं.

दोष ड्रायव्हरचा निघाला तर तो मनांत ठेवूं नये, कळवावा. इंटेल, ए.एम.डी. व मेसा यांच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या दप्तरांत उघडपणें नोंदविल्या जातात. 'माझा संगणक बंद पडतो' एवढीच तक्रार कोणाच्या उपयोगाची नसते. कार्ड कोणतें, कर्नेल व मेसा यांच्या आवृत्त्या कोणत्या, काय केलें असतां पडदा थिजतो, आणि रोजकीर्दींतील पहिल्या तक्रारीपासूनचा उतारा, एवढें दिलें कीं दूर देशींच्या अनोळखी माणसालाहि तो दोष आपल्या टेबलावर पुन्हां घडवून आणतां येतो. वेलँडवर एन्व्हिडियाच्या कार्डांनीं दिसणारी खिडक्यांची लुकलुक कित्येक वर्षें लोकांना छळीत होती. कार्डाचें काम पुरें झालें आहे कीं नाहीं, हें परस्परांना स्पष्ट सांगण्याची रीत दोन्ही बाजूंनीं स्वीकारली, आणि २०२४ सालीं ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमालिकेंत ती पीडा पुष्कळ अंशीं संपली. असे दोष नेमकेपणानें टिपून कळविणारीं माणसें असतात, म्हणूनच ते दूर होतात.

मुलीचा प्रबंध वेळेवर सादर झाला. घरांत मात्र एक नवी वही आली. तिच्या पहिल्या पानावर धाकट्या भावाच्या अक्षरांत अकरा दिवसांपूर्वींची ती दडविलेली घटना, तारखेसह व वेळेसह, आतां नोंदलेली आहे. सारें पुसून टाकण्याचा सल्ला त्या घरीं पुन्हां कोणी देत नाहीं. पडदा काळा पडला कीं प्रथम नाडी पाहिली जाते, मग जबानी वाचली जाते, आणि त्यानंतरच हात पुढें होतो.